लाव्याची शिकार: कोकणातल्या बंदुकीची आणि पेहरावाची पार्श्वभूमी

लाव्याच्या शिकारीला काय लागतं, हे मुळात लाव्यानेच ठरवलं. हे पक्षी गवतात दबून बसतात. पाय पडायची वेळ आली की भुर्रकन उडतात आणि जो तो वेगळ्या दिशेला जातो. नेम धरायला क्षणभरच मिळतो. तिथे एक गोळी कामाची नाही, बारीक छर्रेच हवेत.

कोकणात ते सुटायचे ठासणीच्या बंदुकीतून. नळीत आधी दारू, तिच्यावर काथ्याचा नाहीतर चिंधीचा बोळा, तो गजाने ठासायचा. मग छर्रे, पुन्हा बोळा आणि शेवटी केप, म्हणजे दारूला ठिणगी देणारी छोटी टोपी. एक बार झाला की सगळं पहिल्यापासून. त्यात इथल्या दमट हवेत दारू सादळते. काडतुसाच्या बंदुकीत यातली एकही कटकट नाही, तरी ठासणीची टिकली. ती स्वस्त होती हे खरं, पण कायद्याचाही हात आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगण्यावर बंदी आणली. १९५९ च्या कायद्याने मात्र पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची वेगळी तरतूद केली. रानडुकरांनी हैराण झालेल्या शेतकऱ्याच्या घरात ती राहिली ती अशी.

पेहरावात दोन तऱ्हा होत्या. साहेबाची खाकी वायव्य सरहद्दीवरच्या पलटणीत १८४० च्या दशकात रुळली. वाळल्या गवतात ती उठून दिसत नाही. त्याची शोल्याची, म्हणजे शोला वनस्पतीच्या हलक्या गाभ्याची टोपी उन्हाला उत्तम, पण पाणी पिऊन फुगणारी, म्हणजे इथल्या पावसात कुचकामी. गावचा शिकारी लंगोटीवर, कमरेला आकडीत कोयती आणि अनवाणी. अनवाणी पायाचा आवाज होत नाही, पण रत्नागिरीच्या कातळावर फुरसं हा विषारी साप असतो, दगडाच्या रंगात मिसळून गेलेला. माझ्या मते साहेबाच्या सगळ्या सरंजामात खरी मोलाची वस्तू एकच: घोट्यावर येणारे बूट आणि पोटरीच्या पट्ट्या.

पुढे १९५१ मध्ये मुंबई राज्याने वन्यपशू-पक्ष्यांसाठी कायदा केला, १९७२ मध्ये देशाचा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीची उरलीसुरली वाटही बंद झाली. ते योग्यच झालं. आज परवाना शेतीसंरक्षणाचा असला, तरी रानातल्या लाव्यावर बार टाकणं गुन्हाच आहे. आता दुर्बीण घेऊन सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, लावे पाहायला जाणाऱ्यांनी कपडे मातकट रंगाचे घालावेत. बूट मात्र घोट्यावरचेच हवेत, फुरसं अजून तिथेच आहे.