रेकॉर्ड परत आणण्याआधी हे वाचा

‘रेकॉर्ड फाटकी वाजते’ ही तक्रार आमच्या दुकानात सर्वांत जास्त येते ती स्थानिक इंडी रॉक बँडच्या, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय स्वतःच्या बळावर अल्बम काढणाऱ्या बँडच्या अल्बमबद्दल. तपासायला घेतली की रेकॉर्ड बहुतेक वेळा धडधाकट निघते. तुम्हाला ऐकू येते ती खरखर म्हणजे फझ, आणि ती बँडने मुद्दाम घातलेली असते.

फझ पेडल, म्हणजे गिटारला जोडलेली पायाने दाबायची डबी, गिटारचा सिग्नल इतका फुगवतं की तो सर्किटमध्ये मावत नाही. ध्वनिलहरीचे गोल माथे सपाट छाटले जातात आणि मूळ सुरावर एरवी नसलेले कितीतरी वरचे स्वरांश चढतात. म्हणून एक तार छेडली तरी आवाज भरगच्च, जरा काटेरी येतो आणि लवकर विरत नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावतात ना? रीत वेगळी, हौस तीच.

गंमत म्हणजे याची सुरुवात खरोखरच्या बिघाडातून झाली. अमेरिकी गायक मार्टी रॉबिन्सचं ‘डोन्ट वरी’ हे १९६१ साली गाजलेलं गाणं नॅशव्हिलमध्ये रेकॉर्ड होताना वादक ग्रेडी मार्टिनचा बेस (खालच्या सुरांचं गिटार) मिक्सिंग कन्सोलच्या, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राच्या, एका नादुरुस्त चॅनलमधून गेला आणि घरघरत बाहेर आला. तो तसाच ठेवला गेला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी पुढे तीच घरघर हवी तेव्हा काढणारं सर्किट बनवलं, आणि १९६२ मध्ये गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीने ते ‘मेस्ट्रो फझ-टोन’ नावाने बाजारात आणलं. त्याला खरी मागणी आली ती १९६५ मध्ये, रोलिंग स्टोन्सचं ‘सॅटिस्फॅक्शन’ आल्यावर.

आता खरा दोष कसा ओळखायचा? गिटार खरखरतेय, पण झांजा आणि गाणाऱ्याच्या शब्दांतला ‘स’ स्वच्छ येतोय, तर तो फझ. सगळंच चरचरतंय, त्यातही बाजू संपत आल्यावर जास्त, तर आधी सुई पाहा. बहुधा तिच्या टोकाला धुळीचा गोळा असतो. मऊ ब्रशने मागून पुढे, एकाच दिशेने झाडा. आणि ठरावीक खालचा सूर आला की प्रत्येक रेकॉर्डवर काहीतरी थरथरत असेल, तर स्पीकरकडे बघा.

आम्हीही फसलोय. एका अल्बममधल्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात आवाज अचानक चिरकला म्हणून सुई बदलली, सुईवरचं वजन पुन्हा लावलं. शेवटी हेडफोन चढवले, तेव्हा चिरकण्याच्या क्षणभर आधी बारीकसं ‘टक्’ ऐकू आलं. बेसवाल्याने पायाने पेडल दाबलं होतं! तो अल्बम आता आमचा लाडका आहे.

गायकाचा आवाज मागे वाटला तर ट्रेबल वाढवू नका, फझच आणखी टोचेल. अशा मिक्समध्ये गळा बऱ्याचदा गिटारच्या भिंतीआड ठेवलेला असतो. आवाज थोडा मोठा करा आणि पहिली बाजू दोनदा ऐका. एका ऐकण्यात चाल हाती लागत नाही.

बँड आवडला तर कव्हरच्या मागची बारीक अक्षरं वाचा. रेकॉर्डिंग कुणी केलं, आभार कुणाचे मानलेत? एकाच गावातले बँड एकमेकांचे ड्रमर उसने घेतात, त्यामुळे पुढच्या तीन बँडची नावं तिथेच सापडतात. अशा अल्बमच्या प्रती थोड्याच निघतात आणि संपल्या की पुन्हा छापतीलच असं नाही, म्हणून परत करण्याची घाई नको.

तरीही शंका असेल तर रेकॉर्ड घेऊन या. जमल्यास तुमचं कार्ट्रिजही (सुई बसवलेला भाग) आणा, दोन्ही इथे लावून ऐकू.