वीरगळाचा वरचा कप्पा

वीरगळ म्हणजे लढाईत गेलेल्या वीराच्या आठवणीसाठी उभा केलेला कोरीव दगड, देवळाबाहेर नाहीतर वेशीवर शेंदूर फासलेला एखादा तरी सगळ्यांनी बघितलेला असतोच. मुद्दा तो वाचायचा कसा, हा आहे. वीरगळ खालून वर वाचायचा. तळाला वीर आडवा पडलेला, कधी शेजारी गुरं कोरलेली म्हणजे गोधन सोडवताना गेला, त्याच्यावर लढाई, मग दोन्ही बाजूंनी अप्सरा त्याला धरून वर नेतायत आणि सगळ्यात वरच्या कप्प्यात तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय. टोकाला कलश, बाजूला सूर्य-चंद्र, म्हणजे ते दोघे आहेत तोवर ही कीर्ती राहणार. दानाच्या शिलालेखांवर पण हेच सूर्य-चंद्र असतात, अर्थ तोच.

शब्दाचं म्हणाल तर गळ म्हणजे कन्नडमधला कल्लु, दगड. गद्धेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप कोरलेला दगड, त्यातला गाळ मात्र शिवी-शापाचा असं बरेच जण मानतात, त्यामुळे दोन्ही एकाच माळेत ओवायची घाई करू नये.

मेलेल्यासाठी दगड उभा करायची चाल फार जुनी आहे, पण महाराष्ट्रात आज जे दिसतात त्यातले बरेचसे शिलाहार आणि यादव या राजघराण्यांच्या काळातले, आणि त्यातला सगळ्यात जास्त भांडला गेलेला संच म्हणजे मुंबईत बोरिवलीजवळ एकसरचे सहा वीरगळ. काहींवर हत्ती आणि जमिनीवरची लढाई, काहींवर वल्ह्यांच्या जहाजांची रांग. वीरांची नावं किंवा तारीख मिळत नाही, सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. आज बहुतेक ठिकाणी छापलेलं असतं की ही 1265 च्या आसपासची यादव-शिलाहार लढाई, उत्तर कोकणच्या शेवटच्या शिलाहार राजाला यादवांनी हरवलं ती. आधार काय, तर यादवांच्या दरबारातल्या एका मंत्र्याच्या ग्रंथातली प्रशस्ती, म्हणजे राजाच्या स्तुतीचा भाग, त्यात म्हटलंय की त्या राजाने यादव राजाच्या क्रोधाला सामोरं जाण्यापेक्षा समुद्रात बुडणं पसंत केलं. समुद्र तिथेही आहे, जहाजं इथेही आहेत, म्हणून जोडलं. जुने अभ्यासक मात्र कोरीव कामावरून हे दगड आधीचे, अकराव्या-बाराव्या शतकातले धरत होते आणि लढाईसुद्धा वेगळीच सांगत होते.

मला विचाराल तर 1265 वालं जुळतं खूप छान, पण प्रशस्ती ही जिंकलेल्याने लिहून घेतलेली असते, तिच्यातल्या एका वाक्यावर सहा दगड टांगणं मला पटत नाही. आणि या सगळ्या वादात प्रत्येक जण खालचे कप्पे बघतो, जहाजं मोजतो, वल्ही मोजतो. वरचा भाग, जिथे लिंगपूजा आणि शिवलोक कोरलाय, तो दोन ओळीत उरकला जातो. ज्यांनी दगड उभा केला त्यांच्यासाठी खरी बातमी तिथे होती. लढाई कुठली, ते गावाला तेव्हा माहीतच होतं. माणूस कुठे पोचला हे दगडाने सांगायचं होतं. गीतेत 'हतो वा प्राप्स्यसि स्वर्गं' आहे, पण इथे नुसत्या स्वर्गावर भागत नाही, अप्सरा मधल्या कप्प्यातच राहतात आणि वीर पुढे शिवापर्यंत जातो. हा शैव विचार आहे, शोभेची नक्षी नव्हे. पुरावा हवा तर कर्नाटकातले काही जैन वीरगळ बघा, खाली तीच मारामारी आणि वर लिंगाच्या जागी जिन, म्हणजे जैन तीर्थंकर. म्हणजे लढाई सगळ्यांची सारखी, वरच्या कप्प्यातला देव मात्र ज्याचा त्याचा.

सतीशिळेचंही असंच, काटकोनात वाकलेला बांगड्या भरलेला हात, त्यावरही सूर्य-चंद्र. बांगड्या म्हणजे ती सवाष्णच गेली असं सांगणं. त्यामागे त्या बाईवर काय गुजरलं ते दगड बोलत नाही, आपण विसरू नये.

पुढे नावं विसरली गेली आणि अर्थ बदलत गेला. काही वीरगळ म्हसोबा झाले, काही वेताळ, कुणाला दर अमावास्येला नारळ, कुणी पायरीला नाहीतर भिंतीत बसवला, काहींवर आता ऑइलपेंट बसलाय आणि त्याखाली अप्सरांचे चेहरे पार बुजलेत. जे अर्धे मातीत गेलेत त्यांची लढाई, मेलेला वीर, गुरं सगळं खाली गाडलं गेलंय, जमिनीवर फक्त वरचा कप्पा उरलाय आणि लोक त्यातल्या लिंगाला महादेव म्हणून पाणी घालतात.