वाचाघातानंतरचे भाषिक पुनर्वसन

मेंदूतील भाषेशी निगडित भागांना इजा झाल्यामुळे बोलणे, ऐकलेले समजणे, वाचणे आणि लिहिणे या क्षमता कमीअधिक प्रमाणात हिरावल्या जातात, त्या अवस्थेला वाचाघात किंवा अ‍ॅफेसिया म्हणतात. गेलेली भाषा शक्य तितकी परत मिळवणे आणि जी परत येत नाही तिच्या जागी संवादाचे दुसरे मार्ग उभे करणे, असे दुहेरी काम वाचाघातानंतरच्या पुनर्वसनात केले जाते. पक्षाघाताचा झटका हे वाचाघाताचे सर्वांत मोठे कारण असून झटका आलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांमध्ये सुरुवातीच्या काळात तो आढळतो. उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्धगोलात असल्यामुळे उजवे अंग लुळे पडणे आणि वाचा जाणे पुष्कळदा बरोबरच घडते.

जिभेचे व ओठांचे स्नायू दुबळे होऊन उच्चार अस्पष्ट होणे हा वेगळा दोष आहे, आणि स्मृतिभ्रंशाशीही वाचाघाताची गल्लत करू नये. विचार, नाती, आवडनिवड, व्यवहाराचे भान ही बव्हंशी शाबूत असतात. म्हणून ‘आता त्यांना काही कळत नाही’ हे रुग्णाच्या उशाशी बसून बोलले जाणारे वाक्य चुकीचे तर असतेच, शिवाय ते त्याला बहुधा समजतही असते. फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयातील ललाँ नावाच्या वृद्धाचे जे वर्णन केले, त्यात हे स्पष्ट दिसते. झटक्यानंतर ललाँकडे मोजून पाच शब्द उरले होते आणि कोणत्याही संख्येसाठी तो ‘तीन’ याच अर्थाचा, अर्धवट उच्चारलेला शब्द वापरी. मुले किती, असे विचारल्यावर तोंडातून ‘तीन’ निघे, पण हाताची बोटे मात्र चार वर होत, आणि तेच उत्तर बरोबर असे. ब्रोकांनी या व अशा रुग्णांवरून डाव्या ललाटखंडातील, म्हणजे कपाळामागच्या मेंदूतील, जो भाग निश्चित केला, तो बिघडला असता बोलणे तुटक व कष्टाचे होते. जर्मन वैद्य कार्ल व्हेर्निके यांनी १८७४ मध्ये वर्णिलेल्या प्रकारात बोलणे अस्खलित पण अर्थहीन असते आणि दुसऱ्याचे बोलणेही नीट उमगत नाही.

सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो. सूज उतरते, रक्तपुरवठा सावरतो, दबलेल्या पेशी पुन्हा काम करू लागतात आणि आसपासचे भाग काही कामे अंगावर घेतात. पुढे गती मंदावते, थांबत नाही. ‘सहा महिन्यांनंतर काही होत नाही’ हा समज घराघरांत आणि कधीकधी दवाखान्यांतही पक्का बसलेला आहे. तो टिकणारा नाही. झटक्याला सहा महिन्यांहून अधिक काळ लोटलेल्या दीडशेवर रुग्णांवर जर्मनीत झालेल्या आणि २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास उपचार घेतल्यावर रोजच्या व्यवहारातील बोलणे सुधारले, उपचाराची वाट पाहणाऱ्या गटात तसा फरक पडला नाही. अर्थात एवढे तास बहुतेक रुग्णांच्या वाट्याला येत नाहीत, त्यामुळे घरच्या सरावाला पर्याय नाही.

वाचोपचारतज्ज्ञाचे काम बाहेरून साधे दिसते. तव्याचे चित्र समोर ठेवले आणि नाव सुचले नाही, तर लगेच उत्तर सांगत नाहीत; ही वस्तू कुठे असते, तिच्यावर काय भाजतात, ती कशाची असते, असे विचारत अर्थाच्या बाजूने शब्दापर्यंत नेतात, आणि अगदीच अडले तर ‘त’ हा पहिला ध्वनी देतात. ‘पाणी’ हा शब्द न सुचणारा माणूस वार, अंक, बेचा पाढा किंवा आरती घडाघडा म्हणून दाखवतो, तेव्हा घरचे हरखून जातात. ही साखळी तोंडपाठ असते. तिच्यातला एक शब्द हवा तेव्हा वेगळा काढता येईलच असे नाही. तरीही तिचा उपयोग आहे. बोस्टनमधील संशोधकांनी १९७३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत छोटी वाक्ये चालीवर, डाव्या हाताने ठेका धरत म्हणवून घेतात आणि चाल हळूहळू काढून टाकतात.

उपचाराइतकेच महत्त्व समोर बसणाऱ्याला आहे. टोराँटो येथे ऑरा कागन यांनी विकसित केलेल्या पद्धतीत रुग्णाऐवजी त्याच्याशी बोलणाऱ्याला शिकवले जाते : एका वेळी एकच विषय काढावा, मुख्य शब्द ठळक अक्षरांत लिहून दाखवावा, हातवारे व चित्रे वापरावीत आणि समजलेले पुन्हा विचारून खात्री करावी. ‘हो’ आणि ‘नाही’ची अदलाबदल वाचाघातात नेहमीची असते, त्यात आपल्याकडील मान डोलावणे संदिग्ध, लिहिलेल्या दोन पर्यायांवर बोट ठेवायला सांगणे बरे. दूरदर्शन संच चालू, चौघे एकदम बोलत आहेत आणि पत्नी प्रत्येक वाक्य स्वतःच पुरे करत आहे, अशा खोलीत रुग्ण गप्प राहणे पसंत करतो.

बहुभाषकांच्या बाबतीत सर्व भाषा सारख्या परततीलच असे नसते. फ्रेंच वैद्य आल्बेर पित्र यांनी १८९५ मध्ये सुचवले, की झटक्यापूर्वी जी भाषा अधिक वापरात असेल ती आधी सुधारते. पण याला अपवाद भरपूर आहेत. घरी मराठी, बाजारात हिंदी आणि कचेरीत इंग्रजी वापरणाऱ्याचे मूल्यमापन म्हणूनच एका भाषेवर थांबवू नये. इंग्रजी चाचणीचे शब्दशः भाषांतरही पुरत नाही, कारण ‘दवाखान्यात’ याऐवजी ‘दवाखाना’ म्हणणे किंवा क्रियापदाचे लिंग चुकणे अशा मराठीतील चुका त्या चाचणीच्या चाळणीत सापडत नाहीत.

भारतात म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ पासून, तर मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून या क्षेत्रात कार्यरत आहे. वाचोपचारतज्ज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये वाचा व भाषा दिव्यांगत्वाच्या व्याख्येत वाचाघाताचा नावानिशी उल्लेख असून, दोष कायमस्वरूपी व ४० टक्के किंवा त्याहून अधिक असल्याचे प्रमाणित झाल्यास अशा व्यक्ती लक्षणीय दिव्यांगांसाठीच्या सवलतींना पात्र ठरतात.