साठीनंतरची सायकल आणि कोकणातला चढ

कोकणात सायकल चालवायची म्हणजे सपाट रस्ता फार थोडा. खाडीवरचा पूल संपला की चढण सुरू, सड्यावर पोचून जरा वारा लागतो न लागतो तोच पुढच्या गावाचा उतार, आणि खाली गेलात की परत वहाळ नाहीतर खाडी. रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जा, नाहीतर भाट्याच्या पुलावरून पावसच्या बाजूला जा, सगळीकडे हेच. त्यामुळे आपल्याकडे लोक सायकल सोडतात ती बहुतेक चढामुळे. "आता घाटी चढवत नाय" असं म्हणणारे साठी उलटलेले काका-काकू प्रत्येक वाडीत आहेत, मग सायकल पडवीत जाते, खाऱ्या हवेने चेन गंजते, आणि घरचेही म्हणतात बरं झालं, या वयात कशाला ती दगदग. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण वयस्कर शरीराला सायकलमधल्या ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त गरज आहे ती गोष्ट म्हणजे हा चढच. फक्त तो कसा चढायचा ते नीट समजून घ्यायला हवं.

आधी वयामुळे काय कमी होतं ते बघू. पूर्ण जोर लावल्यावर शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, त्याला व्हीओटू मॅक्स म्हणतात, आपण साध्या भाषेत दम म्हणतो तो बऱ्यापैकी हाच. तिशीनंतर हा आकडा दर दहा वर्षांना साधारण १० टक्क्यांनी उतरत जातो. हृदयाचे जास्तीत जास्त ठोकेही कमी होतात, २०८ मधून वयाचा ०.७ पट आकडा वजा करायचा असं एक सूत्र आहे, म्हणजे सत्तरीच्या माणसाचे मिनिटाला १५९ च्या आसपास, आणि हे व्यायाम करून वाढत नाहीत. पण दमातली घसरण मात्र सगळी वयाची नसते, नियमित कस लागेल असा व्यायाम करत राहणाऱ्यांमध्ये ती जवळपास निम्म्यावर येते. मग उरलेली निम्मी कशाची, तर बसून राहण्याची.

हे वेगळं काढून बघायला लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी छान युक्ती केली. त्यांनी ५५ ते ७९ वयाचे १२५ सायकलवाले घेतले, ८४ पुरुष आणि ४१ बायका, आणि अट अशी की पुरुषांना साडेसहा तासांत १०० किलोमीटर आणि बायकांना साडेपाच तासांत ६० किलोमीटर सायकल मारता आली पाहिजे. बसून राहण्याचा भाग असा बाजूला काढला की जे उरेल ते निव्वळ वय. निघालं काय, तर कुठल्याही एका तपासणीच्या आकड्यावरून माणसाचं वय ओळखता येईना. २०१८ मध्ये याच लोकांवरचं पुढचं काम आलं, त्यात दिसलं की त्यांच्या मांडीच्या स्नायूंचं वस्तुमान आणि ताकद वयाबरोबर जशी घटायला हवी तशी घटलेली नव्हती. आणि मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते थायमस ग्रंथीचं. छातीत हाडामागे असलेली ही ग्रंथी रोगाशी लढणाऱ्या टी पेशी बनवते आणि विशीनंतर आकसत जाते, पण या सायकलवाल्यांमध्ये नव्या टी पेशी तरुणांइतक्याच तयार होत होत्या. आता हेही सांगायला हवं की हे निवडक लोक होते, सिगरेट ओढणारे, फार दारू पिणारे, बीपी वाढलेले यांना आधीच वगळलं होतं, म्हणजे सायकलमुळे ते निरोगी की निरोगी होते म्हणून सायकल चालवत राहिले हे यावरून पूर्ण सुटत नाही.

म्हणून मला फ्रान्सच्या रोबेर मार्शां यांची गोष्ट जास्त मोलाची वाटते, कारण त्यात एकाच माणसाचं आधी आणि नंतर मोजलेलं आहे. जन्म १९११ चा, उंची जेमतेम ५ फूट, आयुष्यभर अंगमेहनतीची कामं केली आणि सत्तरीच्या जवळ आल्यावर परत मनापासून सायकल धरली. वयाच्या १०० व्या वर्षी, २०१२ मध्ये, त्यांनी एका तासात २४ किलोमीटरहून थोडं जास्त अंतर कापलं. मग वेरोनिक बिया या शरीरशास्त्रज्ञ बाईंनी त्यांना दोन वर्षं सराव दिला, बराचसा म्हणजे ८० टक्के भाग आरामात आणि २० टक्के भाग दम लागेल असा. २०१४ मध्ये १०२ व्या वर्षी त्याच एका तासात २६.९२७ किलोमीटर झाले. त्यांचा व्हीओटू मॅक्स (वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला इतके मिलिलिटर ऑक्सिजन) ३१ वरून ३५ वर गेला, पायांची सर्वाधिक ताकद ९० वॅटवरून १२५ वॅटवर गेली, आणि हृदयाचे ठोके मात्र होते तिथेच, १३४. म्हणजे शंभरी ओलांडल्यावरसुद्धा स्नायू शिकतात, फक्त त्यांना थोडा कस लागायला हवा. २०२१ मध्ये ते गेले तेव्हा १०९ वर्षांचे होते.

त्या २० टक्क्यांसाठी फ्रान्समध्ये ट्रॅकवर ठरवून जोर मारावा लागतो, आपल्याला ती सोय रस्त्यानेच करून दिलेली आहे. हिशोब करून बघा. ७० किलोचा माणूस आणि १८ किलोची सायकल, सपाटीवर ताशी १२ च्या वेगाने आरामात जाताना पायांना साधारण ३५ ते ४० वॅट द्यावे लागतात. तेच १०० मीटरला ८ मीटर चढणारी घाटी लागली तर नुसत्या ताशी ६ च्या वेगालाही सव्वाशे वॅटच्या आसपास लागतात, तिपटीहून जास्त. आणि याहून फार हळू जाताही येत नाही कारण तोल जातो. म्हणून चढावर जोर टाळायची सोयच नसते, एकतर लावा नाहीतर उतरा.

हा जोर महत्त्वाचा का, तर मांडीच्या स्नायूत दोन तऱ्हेचे तंतू असतात. एक हळू काम करणारे, न दमणारे, दुसरे झटकन जोर देणारे पण लवकर दमणारे. वय वाढतं तसे मणक्यातून स्नायूंकडे येणारे मज्जातंतू कमी होत जातात, आणि ज्या स्नायूतंतूंची जोडणी तुटली त्यांना शेजारचा मज्जातंतू आपल्याकडे जोडून घेतो, वाडीत एका घरची लाईट गेली की शेजारून वायर ओढतात तसं. ज्यांना कोणी जोडून घेत नाही ते वाळून जातात, आणि त्यात झटकन जोर देणारे तंतू जास्त मार खातात. शरीर कामाला लावतानाही हळू तंतूंना आधी लावतं, दुसऱ्यांना हाक मारतं ती खरंच जोर लागला तरच. म्हणजे रोज सपाट रस्त्यावर तासभर रमतगमत फिरलात तर हृदयाला चांगलंच आहे, पण त्या दुसऱ्या तंतूंना कामच मिळत नाही. आणि रोजच्या आयुष्यात तेच लागतात, बुटक्या पाटावरून उठताना, एसटीची पायरी चढताना, शेवाळलेल्या पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, पाय सटकला की क्षणात सावरताना.

आता गुडघे. "चढाने गुडघे जातात" हे पूर्ण खोटं नाही, पण त्यात दोष बहुतेक वेळा सायकलचा असतो. बिनगिअरची जुनी काळी सायकल पायडलच्या एका फेऱ्यात साधारण ५ मीटर पुढे जाते. ताशी ६ म्हणजे मिनिटाला १०० मीटर, म्हणजे मिनिटात जेमतेम २० फेरे, आणि प्रत्येक फेऱ्याला सगळं वजन गुडघ्यावर. गिअरच्या सायकलला पुढे छोटी आणि मागे मोठी चक्री लावली की एका फेऱ्यात दोन-सव्वादोन मीटरच जाते, तेवढ्याच वेगाला ४५ फेरे मारावे लागतात, आणि दर फेऱ्याचा जोर निम्म्याहून कमी. वेळ तोच, काम तेच, गुडघ्याला मात्र जमीन-अस्मानाचा फरक. सीटची उंचीही तशीच महत्त्वाची. दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून आपल्याकडे सीट खाली ठेवायची सवय आहे, त्याने गुडघा सतत जास्त वाकलेला राहतो आणि वाटीखाली दुखायला लागतं. पायडल खाली असताना गुडघा थोडासाच, २५ ते ३५ अंश, वाकलेला असावा. मग सायकलवर बसताना-उतरताना पडायची भीती राहते, आणि ती खरी आहे, वयस्कर सायकलवाले बरेचदा चालू सायकलवरून पडण्यापेक्षा तिच्यावर बसता-उतरताना पडतात. यावर उपाय म्हणजे मधला दांडा खाली असलेली सायकल, जिला आपण लेडीज सायकल म्हणतो. पुरुषांनी यात लाज वाटून घेऊ नये असं मी हात जोडून सांगेन, खुब्याचं हाड मोडण्यापेक्षा ते शतपटीने बरं.

हाडांचा विषय निघालाच आहे तर, इथे सायकल कमी पडते. शरीराचं वजन सीटवर असतं म्हणून हाडांवर आदळ नाही, आणि हाडं मजबूत राहायला थोडी आदळ लागते. वर्षानुवर्षं फक्त सायकलच चालवणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता कमी आढळलेली आहे. म्हणून अर्धी घाटी सायकलवर आणि अर्धी सायकल ढकलत चालत, ही पद्धत मला फार आवडते, सायकलवर मांड्यांना काम मिळतं आणि चालताना हाडांवर वजन येतं. रोजच्या पाखाड्या सोडू नका, आणि पाण्याची कळशी झेपत असेल तर उचलत राहा.

कोकणातला खरा शत्रू मात्र उष्मा. पायडल मारताना शरीर जेवढी ऊर्जा जाळतं त्यातली २० ते २५ टक्केच चाकापर्यंत पोचते, बाकीची सगळी उष्णता. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, पण एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता निथळतो, आणि निथळलेला घाम थंडावा देत नाही. त्यात चढावर वेग इतका कमी की वाराही लागत नाही. साठीनंतर घाम कमी येतो, तहानेची जाणीव उशिरा होते, आणि बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पाणी अजूनच कमी पडतं. म्हणून उन्हाळ्यात घाटी करायची तर उजाडता उजाडता, निघण्याआधी मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज, बरोबर पाणी, आणि तहान लागायची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट. ठोके कमी ठेवणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर हातातल्या घड्याळाचा आकडा फसवा असतो, त्यापेक्षा बोलून बघा, चढावर दोन-चार शब्द तोडून बोलता येत असतील तर जोर बरोबर आहे, अजिबात बोलता येत नसेल तर उतरा. छातीत दडपण, जबडा किंवा हात भरून येणं, डोळ्यापुढे अंधारी, यातलं काही झालं तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा, आणि बरीच वर्षं सायकल सोडलेली असेल तर सुरू करण्याआधीच एकदा तपासून घ्यायचं.

ज्यांना हे झेपणारच नाही त्यांच्यासाठी बॅटरीची सायकल आहे आणि ती लबाडी अजिबात नाही. इंग्लंडमध्ये ५० ते ८३ वयाच्या लोकांना आठ आठवडे सायकल चालवायला देऊन केलेला अभ्यास २०१९ मध्ये आला, त्यात साध्या सायकलवाल्यांबरोबर बॅटरीवाल्यांच्याही विचार करण्याच्या काही चाचण्यांत सुधारणा दिसली. डेन्मार्कमध्ये तर ५० ते ६५ वयाच्या पन्नास हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास झाला, आणि ज्यांनी त्या वयात नव्याने सायकलची सवय लावली त्यांच्यात मधुमेहाचा धोका साधारण २० टक्क्यांनी कमी होता. म्हणजे उशीर झालाय असं समजायचं कारण नाही.

राहिला पावसाळा. जूनपासून ओल्या रस्त्यावर रिमचे ब्रेक नीट धरत नाहीत, कडेला शेवाळ, उतारावर लाल चिखल, तेव्हा वयस्कर माणसाने सायकल ठेवून दिली तर मी काही म्हणणार नाही. पण चार महिने नुसतं बसू नका. साधारण ६७ वयाच्या निरोगी लोकांना १० दिवस बिछान्यात झोपवून ठेवलं तर दोन्ही पायांतलं मिळून जवळपास १ किलो मांस गेलं, असं २००७ मध्ये मोजलेलं आहे. पडवीत खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा करा, भिंतीला टेकून अर्ध्या बैठकीत थांबा, मासेबंदीच्या दिवसांत सुकट, सोडे आणि कुळथाची पिठी ताटात असू द्या. पाऊस ओसरला की चेनला तेल, ब्रेकचे रबर नवे, पहिला आठवडा नुसता पुलापर्यंत सपाटीला, आणि मग सगळ्यात छोटी घाटी, अर्धी बसून, अर्धी चालत.