पोलीस जामिनावरील हजेरी (इंग्लंड व वेल्स)

अटक केलेल्या व्यक्तीवर आरोप ठेवण्याइतका पुरावा हाती नसेल, तर इंग्लंड व वेल्समधील पोलीस तिला ठरलेल्या दिवशी ठाण्यात परत येण्याच्या बोलीवर सोडू शकतात. त्या दिवशी हजर होणे म्हणजे पोलीस जामिनावरील हजेरी. हा जामीन न्यायालय नव्हे, तर ठाण्यातला कस्टडी सार्जंट (कोठडीची जबाबदारी असलेला पोलीस अधिकारी) १९८४ च्या ‘पेस’ (पोलीस अँड क्रिमिनल एव्हिडन्स ॲक्ट) कायद्यानुसार देतो. पैसे सहसा भरावे लागत नाहीत. मात्र पासपोर्ट जमा करणे, तक्रारदाराच्या वाटेला न जाणे अशा अटी घालता येतात.

ही हजेरी निव्वळ सही करण्यापुरती समजू नये. काउंटरवर नाव सांगितल्यावर पुन्हा कोठडीत घेतले जाऊ शकते आणि नवा पुरावा समोर ठेवून जबाबही होऊ शकतो. शेवटी आरोप ठेवला जातो, प्रकरण मिटवले जाते किंवा पुढची तारीख मिळते. ‘नुसती तारीखच तर आहे’ म्हणून वकिलाशिवाय जाणे धोक्याचे. कोठडीत घेतल्यावर सॉलिसिटरचा मोफत सल्ला मिळण्याचा हक्क पहिल्या दिवसाइतकाच शाबूत असतो. इंग्रजी नीट येत नसलेल्या मराठी माणसाला दुभाषीही पोलिसांनीच विनामूल्य द्यायचा असतो.

आरोपाविना ताब्यात ठेवण्याची साधारण मर्यादा २४ तासांची आहे. पहिल्या वेळी ११ तास गेले असतील, तर हजेरीच्या दिवशी उरतात १३. जामिनावर बाहेर काढलेले दिवस यात धरले जात नाहीत. २०११ मध्ये हूकवे प्रकरणात उच्च न्यायालयाने ते धरावेत असा निर्णय दिला, तेव्हा पोलिसांची पंचाईत झाली आणि संसदेने त्याच वर्षीच्या जुलैत घाईने कायदा करून जुनी पद्धत पूर्वलक्षी प्रभावाने कायम केली.

२०१७ मध्ये जामिनावर २८ दिवसांची प्राथमिक मर्यादा आली. मग पोलीस संशयितांना ‘तपासाधीन’ म्हणून सोडू लागले. त्यात ना तारीख, ना अटी; घरगुती हिंसाचाराच्या तक्रारदारांचे संरक्षणच त्यामुळे गेले. ही गंभीर चूक २०२२ च्या कायद्याने बऱ्याच अंशी सुधारली. आता पहिली मुदत साधारणतः तीन महिन्यांची असते.

सबळ कारणाशिवाय गैरहजर राहणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. वॉरंटाशिवाय अटकही होते. आजारपण आल्यास आधीच सॉलिसिटरमार्फत कळवून बदललेली तारीख लेखी घ्यावी. पोलिसांनी ‘येण्याची गरज नाही’ असे कळवले तरी तेही लेखी हवे.