असेम्ब्ली करप्ट झाली की पार्टचा पत्ता चुकला?

"सर, असेम्ब्ली करप्ट झाली."

शनिवारी संध्याकाळी असा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "फोल्डरचं नाव कुणी बदललं का?" पलीकडे जरा शांतता. मग हळूच, "नाव नाही बदललं सर, फक्त पुढे 'फायनल' लावलं."

भोसरीत जिग-फिक्स्चरची (काम चालू असताना पार्ट नेमक्या जागी धरून ठेवणाऱ्या साधनांची) डिझाइन करता करता असे फोन घेण्यात बरीच वर्षं गेली. 'करप्ट' हा शब्द आमच्याकडे तापासारखा वापरतात. काहीही झालं की ताप आला. पण सॉलिडवर्क्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली असेम्ब्ली, म्हणजे सुटे पार्ट जोडून केलेल्या पूर्ण वस्तूची फाइल, न उघडण्यामागे किंवा उघडून लालभडक होण्यामागे बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण असतं. एक, फाइल खरोखर खराब झालेली असते. दुसरं, फाइल ठणठणीत असते, पण तिला तिचे पार्ट सापडत नसतात. पडद्यावर दोन्ही सारखंच भयंकर दिसतं आणि उपाय मात्र उलट दिशेचे. म्हणून आधी ओळख पटवायची, मग हात लावायचा.

मुळात असेम्ब्ली फाइलमध्ये काय असतं, तिथपासून सुरू करू. लग्नाला कोण येणार, कुठून येणार, कुणाच्या शेजारी कोण बसणार अशी यादी असते ना, तशी ती असते. प्रत्येक पार्टचं नाव, तो शेवटच्या सेव्हच्या वेळी कुठल्या फोल्डरमध्ये होता तो पाथ, पार्टना एकमेकांशी बांधणारे मेट्स, आणि पडद्यावर पटकन चित्र दाखवण्यापुरता तयार डेटा. पाहुणे स्वतः तिथे नसतात. बेस प्लेटची भोकं, चॅम्फर, रिब हे सगळं बेस प्लेटच्या स्वतःच्या फाइलमध्ये. म्हणून 300 पार्टची असेम्ब्ली नुसती एकटी ईमेलने पाठवणारा माणूस समोरच्याला रिकामा मांडव पाठवत असतो.

आता पत्ता कसा शोधला जातो ते. असेम्ब्ली उघडताना सॉफ्टवेअर आधी बघतं की त्या नावाची फाइल मेमरीत आधीच उघडी आहे का. नसेल तर ऑप्शन्समध्ये दिलेले फोल्डर, असेम्ब्लीचा स्वतःचा फोल्डर, सेव्ह करतानाचा जुना पाथ अशा ठिकाणी शोध चालतो. कुठेच मिळालं नाही की खिडकी येते: फाइल तुम्ही शोधून देता का, की हा पार्ट सप्रेस (तात्पुरता बंद) करू? पत्ता हरवल्याची ही सरळ, प्रामाणिक खूण. मग पडद्याच्या कडेला सगळे पार्ट आणि मेट्स दाखवणारं जे झाड असतं, त्यात तो पार्ट राखाडी होतो, त्याचे मेट्सही राखाडी होतात. पार्ट परत मिळवून दिला, अनसप्रेस केला, की ते जागे होतात. काही बिघडलेलं नसतं.

पत्ता हरवायची कारणं तीच ती. विंडोजमध्ये राइट क्लिक करून पार्टचं नाव बदललं. एकाच्या कॉम्प्युटरवर सर्व्हर झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला, दुसऱ्याच्या वाय. फोल्डरात फोल्डर, त्यात 'नवीन', त्यात 'नवीन फायनल', असं करत पाथ विंडोजच्या नेहमीच्या 260 अक्षरांच्या मर्यादेपलीकडे गेला. हे शेवटचं अनेकांना सुचतच नाही, कारण फाइल तिथे डोळ्यांसमोर दिसत असते.

खरा घोटाळा होतो तो पत्ता हरवल्यावर नाही, पत्ता चुकल्यावर. आपल्याकडे प्रत्येक फिक्स्चरमध्ये एक 'बेस प्लेट' असते आणि बहुतेक ठिकाणी फाइलचं नावही तेच असतं. जुन्या जॉबचा फोल्डर कॉपी केला, प्लेट थोडी बदलली, नवीन जॉब तयार. वर उल्लेख केलेला फोन तसाच निघाला. पोराने जुन्या जॉबची बेस प्लेट बघायला म्हणून उघडून ठेवली होती आणि मग नवी असेम्ब्ली उघडली. मेमरीत त्याच नावाची फाइल हजर, तीच धरली गेली. सॉलिडवर्क्स प्रत्येक फाइलला आतून एक ओळख क्रमांक देतं आणि तो जुळला नाही तर सापडलेली फाइल नाकारतं, हे खरं. पण विंडोजमधून कॉपी केलेल्या फाइलचा आतला क्रमांक मूळ फाइलचाच असतो! त्यामुळे पहारेकरी दारात उभा, तरी जुळ्या भावाला आत सोडतो. ज्या भोकाच्या कडेला मेट लावला होता ते भोक या प्लेटवर नाहीच. झालं, मेट्स लाल. पोरगं म्हणतं करप्ट.

यावर त्याने काय केलं? "लाल होते ते मेट्स डिलीट केले सर, आता एरर येत नाही."

इथे माझा आवाज चढतो. सेव्ह केलेलं नव्हतं म्हणून वाचलो. सगळं सेव्ह न करता बंद केलं, जुनी प्लेट बंद, असेम्ब्ली पुन्हा उघडली, सगळं हिरवंगार. पत्त्याच्या आजारात काही काढून टाकायचं नसतं, तोवर तर नाहीच जोवर फाइल मेनूतल्या 'फाइंड रेफरन्सेस'मध्ये प्रत्येक पार्ट कुठल्या फोल्डरमधून आलाय ते वाचलेलं नाही. दोन मिनिटांचं काम. नाव बदललेलं असेल तर असेम्ब्ली उघडण्याआधीच, ओपनच्या खिडकीत 'रेफरन्सेस' बटण दाबून नवा पत्ता देता येतो. आणि फोल्डर हलवायचाच असेल तर असेम्ब्ली तिच्या पार्टसकट कॉपी करणारं सॉलिडवर्क्सचंच 'पॅक अँड गो', कॉपी-पेस्ट नव्हे.

झाडातल्या चिन्हांचीही अशीच गल्लत होते. पार्टच्या फीचरपुढे (भोक, रिब अशा एखाद्या भागापुढे) बाण आणि प्रश्नचिन्ह दिसलं तर ते फीचर ज्या असेम्ब्लीच्या आधाराने काढलंय ती आत्ता हाताशी नाही, एवढंच. बाणापुढे फुली असेल तर तो धागा कुणीतरी मुद्दाम तोडलाय. पहिल्यात असेम्ब्ली उघडली की काम होतं, दुसऱ्यात नाही.

आता खरी खराब फाइल. तिची तऱ्हा वेगळी. साइज 0 केबी दाखवते. किंवा उघडताना दर वेळी सॉफ्टवेअर नेमकं त्याच टक्क्यावर बंद पडतं. किंवा ही सॉलिडवर्क्सची फाइलच नाही असं सांगतं. पार्ट शोधून देता का असं विचारणारी खिडकी इथे येतच नाही, तेवढ्यावरूनही अर्धं निदान होतं. कारणं: पेनड्राइव्हवरूनच थेट काम, सेव्ह होत असताना लाइट जाणं किंवा नेटवर्क तुटणं, डिस्क भरलेली. (समोरच्याचं व्हर्जन नवं आणि आपलं जुनं असलं तरी फाइल उघडत नाही, पण तो आजारच नाही. तिथे संदेशात तसं लिहिलेलं असतं, वाचला तर. आणि नावापुढे टिल्डे व डॉलरचं चिन्ह असलेली एवढीशी फाइल दिसली म्हणून 'माझी फाइल 1 केबीची झाली' असंही कुणी ओरडू नये. ती फाइल उघडी असल्याची पाटी असते.)

इथे रेफरन्सेस कितीही तपासा, उपयोग शून्य. आधी बॅकअप फोल्डर बघायचा. ऑप्शन्समध्ये बॅकअप चालू ठेवला असेल तर जुन्या प्रती तिथे मिळतात. ऑटो-रिकव्हरवर मात्र विसंबू नका, फाइल नीट बंद झाली की ती प्रत पुसली जाते.

बॅकअप नसेल तर पुढची युक्ती मला फार आवडते, कारण तीत एका आजाराने दुसरा आजार पकडला जातो. उघडताना बंद पडणाऱ्या असेम्ब्लीत दोषी यादी आहे की एखादा पाहुणा, हे कळायला पत्ते मुद्दाम हरवायचे. पूर्ण जॉबची प्रत लोकल डिस्कवर घ्या. मूळ फोल्डरचं नाव तात्पुरतं बदला, नाहीतर जुन्या पाथवरून पार्ट गुपचूप येतील. प्रतीतली असेम्ब्ली सोडून सगळे पार्ट दुसरीकडे हलवा आणि असेम्ब्ली उघडा. खिडकी आली की न सापडलेले सगळे सप्रेस करा. आता उघडली? मग असेम्ब्ली निर्दोष, चोर पार्टमध्ये. सेव्ह न करता बंद करा, अर्धे पार्ट परत ठेवा, पुन्हा उघडा. बंद पडली तर चोर या अर्ध्यात, नाहीतर उरलेल्यात. 64 पार्ट असले तर अशा 6 फेऱ्यांत एकटा पार्ट हाती लागतो. सब-असेम्ब्ली असतील तर आधी त्यांच्या पातळीवर, मग आत. आणि रिकामी असेम्ब्लीसुद्धा उघडली नाही तर दोष यादीतच. मग पार्ट वाचले एवढं समाधान मानून मेट्स पुन्हा लावायला बसायचं.

मागच्या पावसाळ्यात एका वेल्डिंग फिक्स्चरवर हे केलं. पाचव्या फेरीला सापडला तो आमचा पार्टही नव्हता, बाहेरून डाउनलोड केलेला क्लॅम्प सिलिंडर होता, आतल्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांसकट. तोच पुन्हा स्टेप फाइलमधून (कुठल्याही डिझाइन सॉफ्टवेअरला वाचता येणाऱ्या प्रकारातून) आणला, स्प्रिंग काढून टाकली, 'रिप्लेस कंपोनंट्स'ने जुन्याच्या जागी बसवला, 3 मेट्सना नवे फेस (पृष्ठभाग) दाखवले. साडेआठला ड्रॉइंग शॉपफ्लोअरवर गेलं. तपासणीची ती प्रत अजून माझ्या डेस्कटॉपवर आहे, फोल्डरचं नाव 'सेव्ह करू नये'.