रिव्हॉल्व्हरचा कॅलिबर

बंदुकीच्या नळीचा आतील व्यास म्हणजे कॅलिबर. रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत मात्र हा शब्द बहुधा काडतुसाच्या नावासाठीच वापरला जातो. अमेरिकी व ब्रिटिश परंपरेत तो इंचाच्या शतांशात किंवा सहस्रांशात सांगतात (.३२, .३८, .३५७, .४५५), युरोप खंडात मिलिमीटरमध्ये. स्वसंरक्षण व सुरक्षारक्षणासाठी रिव्हॉल्व्हर निवडताना पहिला प्रश्न कॅलिबरचाच येतो. परंतु नावातला आकडा हे मोजमाप समजून चालल्यास पुष्कळदा फसगत होते.

शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल मतभेद आहेत. अरबीतील ‘कालिब’ (साचा) या शब्दावरून तो इटालियन-फ्रेंच मार्गाने आला, हे मत सर्वाधिक मान्य आहे. ‘कालिब’चे मूळ मोच्याच्या लाकडी साच्याला असलेल्या ग्रीक शब्दापर्यंत नेतात. ‘किती वजनाचा’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दजोडीपासून तो निघाला असे दुसरे मत आहे. तोफा गोळ्याच्या वजनावरून ओळखल्या जात, म्हणून ते सोयीचे वाटते; मात्र त्याला भाषिक आधार कमी आहे. पहिले मत खरे असेल, तर मराठीतला ‘कालबूत’ (जोड्याचा लाकडी साचा) हा कॅलिबरचा दूरचा नातलग ठरावा.

नाव आणि माप यांतील तफावतीचे ठळक उदाहरण .३८ हे होय. .३८ स्पेशल या काडतुसाच्या गोळीचा व्यास प्रत्यक्षात .३५७ ते .३५८ इंच असतो. कारण ऐतिहासिक आहे. दारू व गोळी पुढून भरण्याची जुनी .३६ कॅलिबरची रिव्हॉल्व्हरे धातूच्या काडतुसांसाठी बदलून घेतली, तेव्हा त्यांच्या सिलिंडरची (काडतुसे ठेवण्याच्या फिरत्या भागाची) भोके सरळ आरपार एकाच व्यासाची होती. त्यामुळे गोळीचा बाहेरचा भाग काडतुसाच्या पितळी नळकांड्याएवढाच रुंद ठेवून तिची फक्त टाच आत बसवत. गोळीवरचे वंगण उघडे राही व त्याला धूळ चिकटे. पुढे गोळी पूर्णपणे नळकांड्याच्या आत घेतली गेली. साहजिकच तिचा व्यास घटला, पण नाव तेच राहिले. उलट .३८ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) या जुन्या, आखूड काडतुसाची गोळी सुमारे .३६१ इंचांची आहे; दोन्ही ‘अडतीस’ असूनही ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

लहान-मोठ्या कॅलिबरचा वाद पेटला तो फिलिपीन्समध्ये. अमेरिकी सैन्याने १८९२ मध्ये .३८ लाँग कोल्ट स्वीकारला होता. तेथील मोरो या मुस्लिम जमातीच्या योद्ध्यांशी झालेल्या चकमकींत तो अपुरा पडल्याच्या तक्रारी आल्या. १९०४ मध्ये जॉन थॉम्पसन व लुई लागार्ड या अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात जिवंत गुरांवर, तसेच मृतदेहांवर चाचण्या घेतल्या आणि .४५ पेक्षा लहान कॅलिबर नको, अशी शिफारस केली. नमुना लहान, पद्धत ढिली आणि निष्कर्ष निरीक्षणांपेक्षा मोठा, ही त्यावरची टीका योग्यच म्हणावी लागेल. ब्रिटिश सैन्याने नंतर नेमकी उलट वाट धरली: .४५५ सोडून २०० ग्रेन (सुमारे १३ ग्रॅम) वजनाची, मंद वेगाची .३८ गोळी घेतली, कारण थोड्या प्रशिक्षणाच्या सैनिकाला ती अधिक आटोक्यात ठेवता येई.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऊर्जा, संवेग व ‘एका गोळीत थांबवणे’ यांची अनेक कोष्टके मांडली गेली. शल्यचिकित्सक मार्टिन फॅकलर यांनी ती नाकारून गोळीने प्रत्यक्ष पाडलेली कायमची जखम आणि तिची खोली यांवर भर दिला. १९८६ मध्ये मायामी येथे दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत ९ मिमीची एक गोळी हृदयाच्या अलीकडे थांबल्याचे दिसल्यावर एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेने शरीराच्या मांसाऐवजी चाचणीसाठी वापरल्या जाणाऱ्या जिलेटिनमध्ये १२ ते १८ इंच (सुमारे ३० ते ४५ सेंमी) भेदन हा निकष ठरवला. आज तोच दृष्टिकोन अधिक ग्राह्य वाटतो. त्या मापाने पाहिल्यास जवळजवळच्या कॅलिबरांतील फरक पुष्कळ आकसतो आणि गोळीची घडण व नेम यांना महत्त्व येते.

.३८ स्पेशल १८९८ च्या सुमारास निघाला व अमेरिकी पोलिसांत दीर्घकाळ प्रचलित राहिला. त्याची १५८ ग्रेनची (१०.२ ग्रॅम) नेहमीची गोळी सेकंदाला साधारण २३० मीटर वेगाने जाते. १९३० च्या दशकाच्या मध्यास आलेला .३५७ मॅग्नम त्याच व्यासाचा आहे, परंतु त्याचे नळकांडे सुमारे ३ मिमी लांब ठेवले आहे. उद्देश असा की, जास्त दाबाचे काडतूस .३८ च्या सिलिंडरमध्ये बसूच नये. कमाल दाब .३८ स्पेशलला १७,००० व .३५७ ला ३५,००० पौंड प्रति चौ. इंच इतका धरतात. उलटे मात्र चालते: .३५७ च्या शस्त्रात .३८ स्पेशल झाडता येतो, त्यामुळे सराव सौम्य काडतुसांवर करता येतो. .४४ मॅग्नम (१९५५) मुख्यतः शिकारीचा; .४४ स्पेशल व .४५ कोल्ट यांना जड चौकट लागते. .३२ एस अँड डब्ल्यू लाँगचा धक्का कमी, पण ताकदही कमी.

आखूड नळीत वेग घटतो, म्हणून फुलणारी पोकळ टोकाची गोळी पुष्कळदा फुलतच नाही. हलक्या चौकटीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये आणखी एक दोष संभवतो: धक्क्याने सिलिंडरमधील न झाडलेल्या काडतुसांच्या गोळ्या हळूहळू पुढे सरकतात व सिलिंडर फिरणे अडते. काडतुसाची गोळीवरची पकड घट्ट नसल्यास हे अधिक घडते.

सुरक्षारक्षकाचे शस्त्र क्वचितच झाडले जाते आणि सभोवती माणसे असतात. त्यामुळे आरपार जाणारी गोळी आणि बंद जागेतील मॅग्नमचा कडाका व लखलखाट या दोन्ही अडचणी ठरतात. या कामात .३८ स्पेशलकडे कल राहिला तो यामुळे. गोळी व काडतूस निवडण्यापूर्वी नळीवर कोरलेले पूर्ण नाव वाचावे लागते. नुसते ‘अडतीस’ पुरत नाही.